सोमेश्वराचे बुडणे : प्रशस्ती, वीरगळ आणि शिलाहार-यादवांची अखेरची लढाई

उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर हा देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना समुद्रात बुडून मेला, हे विधान मराठीतील बहुतेक इतिहासग्रंथांत आढळते. त्याला १२६५ हे वर्षही जोडलेले असते. विद्यार्थी ते पाठ करतात, अध्यापक सांगतात आणि पुढच्या पिढीचे ग्रंथकार मागच्या पिढीच्या ग्रंथातून ते उचलतात. चार शतकांहून अधिक काळ नांदलेल्या राजवटीचा शेवट ज्या लढाईत झाला, तिच्याविषयीचा समकालीन लेखी पुरावा मात्र मोजक्या संस्कृत श्लोकांचा आहे. लढाईचे स्थळ, तिथी, सैन्याची संख्या, सेनापतीचे नाव यांपैकी काहीही त्या श्लोकांत येत नाही. या श्लोकांच्या शेजारी मुंबईच्या बोरिवलीनजीक एकसर येथील काही कोरीव शिळा ठेवल्या जातात. त्यांवर आरमारी युद्धाची दृश्ये आहेत, परंतु वाचता येईल असा लेख नाही. एकीकडे शब्द आहेत पण तपशील नाही. दुसरीकडे तपशील आहे पण नाव नाही. या दोन पुराव्यांची सांगड घालून जी कथा सिद्ध झाली, तिचे सांधे कोठे पक्के आहेत आणि कोठे सैल आहेत, हे पाहणे प्राचीन मराठी वाङ्मय आणि कोरीव लेख यांच्या अभ्यासकाला आवश्यक आहे.

प्रथम काळाचा विचार करावा. सोमेश्वराचे दोन शिलालेख उरणच्या परिसरात सापडले. रानवडचा लेख शके ११८१ म्हणजे इ. स. १२५९ चा, आणि चांजे येथील लेख शके ११८२ म्हणजे इ. स. १२६० चा. चांजे लेखातील दान साधे आहे. तेथील एका बागेचे १६२ पारुत्थ द्रम्म उत्पन्न श्रीस्थानकातील, म्हणजे ठाण्यातील, उत्तरेश्वर महादेवाला राजाने अर्पण केले. संकटात सापडलेल्या राजाचा हा लेख आहे, असे सुचविणारे त्यात काही नाही. कारभार नित्याप्रमाणे चाललेला दिसतो. यानंतर या घराण्यातील सोमेश्वराचा लेख मिळत नाही. दुसऱ्या टोकाला ठाण्याचा शके ११९४ म्हणजे इ. स. १२७२ चा ताम्रपट आहे. त्यात राजा यादव रामचंद्र आहे, कोकणचा अधिकारी अच्युतनायक आहे आणि षट्षष्टी म्हणजे साष्टी विभागातील वावला गाव बत्तीस ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे. १२६० मध्ये साष्टीच्या खाडीपलीकडे शिलाहार राजा दान देत होता. १२७२ मध्ये साष्टीतीलच गाव यादवांचा अधिकारी देत आहे. सत्तांतर या बारा वर्षांतले. महादेवाची कारकीर्द १२७१ च्या सुमारास संपली, म्हणून लढाई त्याच्या काळातली धरली तर अवधी आणखी वर्षभराने आखडतो. '१२६५' हे वर्ष या अवधीच्या मध्याजवळ ठेवलेली खूण आहे. ते कोणत्याही लेखात नाही. ग्रंथांत 'सुमारे' हा शब्द बहुधा असतोच. टिपणवह्यांत उतरताना तो गळतो.

आता श्लोकांकडे वळावे. महादेवाचा मंत्री हेमाद्री याने 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ रचला. त्याच्या व्रतखंडाच्या आरंभी यादव राजांची प्रशस्ती आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात या प्रशस्तीचा आधार घेतला आणि तिचे पाठही परिशिष्टात छापले. तेव्हापासून यादवांच्या इतिहासाचा हा एक मुख्य आधारस्तंभ झाला. सोमेश्वराविषयी तीत दोन कल्पना येतात. पहिली अशी की, कोकणाधिपती सोम हा समुद्रात पोहण्यात निपुण असूनही महादेवाच्या मत्त हत्तींच्या गंडस्थळांतून वाहणाऱ्या मदाच्या नद्यांत सैन्यासह बुडाला. दुसरी अशी की, समुद्रानेही त्याचे रक्षण केले नाही. महादेवाच्या प्रतापाचा अग्नी वडवाग्नीहून अधिक दुःसह वाटल्याने त्याने वडवाग्नीचाच आश्रय केला.

काव्यशास्त्राशी परिचय असलेल्या वाचकाला येथे थबकणे भाग आहे. 'पोहण्यात निपुण असूनही बुडाला' या रचनेत विरोधाभास आहे. विरोधाभास साधायचा तर पोहण्याचे नैपुण्य आधी मांडावेच लागते. म्हणून सोमेश्वर खरोखर पट्टीचा पोहणारा होता, असे अनुमान या श्लोकातून काढता येत नाही. उत्तर कोकणचे शिलाहार राजे स्वतःला पश्चिम समुद्राचे अधिपती म्हणवीत. कवीने त्या बिरुदालाच चिमटा काढला असावा : समुद्राचा धनी म्हणवणारा समुद्रात नव्हे, तर हत्तींच्या मदात बुडाला. मग 'बुडाला' हे क्रियापदही अलंकाराच्याच पोटातले ठरते आणि पहिला श्लोक एकटाच असता, तर त्यातून सांगता आले असते ते एवढेच, की हत्तीदळाने कोकणच्या सैन्याचा धुव्वा उडविला. समुद्राचा खरा आधार दुसऱ्या कल्पनेत आहे. वडवाग्नी समुद्राच्या तळाशी असतो, ही पुराणप्रसिद्ध कल्पना. राजाने समुद्राचा आश्रय घेतला आणि तेथेच त्याचा अंत झाला, ही वस्तुस्थिती श्रोत्यांना ठाऊक असल्याशिवाय ही उत्प्रेक्षा उभीच राहत नाही. जमिनीवर मारल्या गेलेल्या शत्रूविषयी असे कोणी लिहिणार नाही. म्हणजे सोमेश्वराचे बुडणे ऐतिहासिक मानायचे असेल, तर ते दुसऱ्या श्लोकाच्या बळावर; पहिल्या श्लोकाचा उपयोग हत्तींपुरता. इतिहासग्रंथांत मात्र दोन्ही श्लोक एकत्र करून 'पोहणारा राजा बुडाला' अशी एकसंध हकिकत केली जाते, हे उचित नाही.

हत्तींच्या उल्लेखाला आणखी एक पदर आहे. वर सांगितलेल्या ठाण्याच्या ताम्रपटात हेमाद्रीचेही नाव येते. सर्व करणांचे आधिपत्य, म्हणजे राज्याच्या दप्तराचा कारभार, त्याच्याकडे होता आणि हत्तीदळाच्या माहुतांवरील अधिकारही होता, असे तेथे म्हटले आहे. झाडी प्रदेश जिंकल्याचे श्रेयही त्याला दिले आहे. प्रशस्तीत हत्तींना एवढे स्थान मिळाले त्याचे एक कारण काव्यरूढी हे आहेच, कारण मदस्राव हा संस्कृत वीरकाव्याचा नेहमीचा विषय. परंतु प्रशस्तिकार स्वतः हत्तीखात्याशी निगडित होता, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही. लढाई ज्यांनी जिंकली असे तो सांगतो, ते दल त्याच्याच अखत्यारीतले. तो समकालीन आहे आणि जाणकार आहे, त्याचबरोबर हितसंबंधीही आहे. अशा साक्षीदाराचे म्हणणे टाकून देता येत नाही आणि जसेच्या तसे घेताही येत नाही.

मग ते कसे घ्यावे? प्रशस्तीतच याची किल्ली आहे. महादेव स्त्री, बालक आणि शरणागत यांच्यावर शस्त्र उचलीत नसे. हे ओळखून आंध्रांनी गादीवर स्त्री बसविली आणि माळव्याने बालक बसविले, असे हेमाद्री सांगतो. स्त्री म्हणजे अर्थात काकतीय राणी रुद्रमा. वरवर ही धर्मनिष्ठेची स्तुती आहे. तिच्याआड दिसते ते असे की, तेलंगण आणि माळवा या दोन्ही राज्यांच्या गाद्या जागच्या जागी राहिल्या; महादेवाला त्या उखडता आल्या नाहीत. जेथे निर्णायक जय नाही तेथे प्रशस्तिकार गुणाचा आडोसा करतो. कोकणच्या बाबतीत असा आडोसा नाही. तेथे राज्य घेतले आणि राजा नाहीसा झाला, असे उघड विधान आहे, आणि सोमेश्वराच्या लेखांचे थांबणे व १२७२ च्या ताम्रपटातील अधिकारी या दोन स्वतंत्र गोष्टी त्याला दुजोरा देतात. एकाच कवीची दोन विधाने अशी निरनिराळ्या मापाने तोलावी लागतात. प्रशस्ती म्हणजे अतिशयोक्ती, असे म्हणून सबंध वाङ्मयप्रकार झटकून टाकणारे आणि त्यातील प्रत्येक शब्द घटना मानणारे, दोघेही हे तोलण्याचे काम टाळतात.

असा तुटपुंजा पुरावा केवळ आपल्याकडेच आहे, असे नाही. इंग्लंडमध्ये इ. स. ९०२ च्या सुमारास, राजा एडवर्डच्या काळात, इंग्रज आणि डेन यांच्या सैन्यांत 'होम' नावाच्या ठिकाणी लढाई झाली. अँग्लो-सॅक्सन बखरीतील थोडक्या ओळी हा तिचा मुख्य आधार. निरनिराळ्या प्रतींत वर्षांचा मेळ नाही, आणि ते स्थळ नेमके कोठले यावर आजही एकमत नाही. राजाने माघारीची आज्ञा दिली असता केंटचे लोक मागे रेंगाळले, डेनांनी त्यांना गाठले, रणभूमी डेनांच्या हाती राहिली. परंतु त्यांचा राजा एओरिक आणि त्यांच्या बाजूने लढणारा एडवर्डचा चुलतभाऊ एथलवोल्ड हे दोघेही पडले. म्हणजे रण जिंकणाऱ्यांनीच नेते गमावले आणि गादीचा तंटा हरणाऱ्याच्या बाजूने मिटला. ही गुंतागुंत कळते, कारण बखरीचे गद्य कोरडे असले तरी मागे कोण राहिले आणि कोण पडले हे नावांनिशी सांगते. हेमाद्रीच्या श्लोकांत दोनच व्यक्ती आहेत, महादेव आणि सोमेश्वर. बाकी सारे हत्ती, समुद्र आणि अग्नी.

नावे नसलेली माणसे भेटतात ती एकसरच्या शिळांवर. तेथील सहा वीरगळांचे वर्णन मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या ठाणे जिल्ह्याच्या खंडात, १८८२ साली, आले. पुढे हेन्री कझिन्स आणि वा. वि. मिराशी यांनी त्यांचा विचार केला. 'वीरगळ' हा शब्द कन्नडमधून आला. 'कल्लु' म्हणजे दगड. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्टीत युद्ध व मृत्यू, मधल्या पट्टीत अप्सरांच्या सोबतीने स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा अथवा कैलास आणि शिरोभागी कलश. गावोगावच्या वीरगळांवर तळाशी बहुधा गाईंचे कळप, घोडेस्वार अथवा पायदळाची झटापट असते. एकसरच्या काही शिळांवर तेथे गलबते आहेत. टोके उंच वळलेली, डोलकाठ्या उभारलेली. एका शिळेवर पाच गलबते ओळीने चालली असून बाजूला नऊ-नऊ वल्ही दिसतात. धनुर्धारी एकमेकांवर बाण सोडीत आहेत, माणसे पाण्यात कोसळत आहेत. इतर पट्ट्यांत जमिनीवरील लढाई आहे, घोडे आहेत आणि हत्तीही आहेत. मध्ययुगीन पश्चिम किनाऱ्यावरील जहाजांचे इतके तपशीलवार दगडी चित्रण क्वचितच मिळते. नौकाबांधणीच्या अभ्यासकांनी त्यांकडे पुनःपुन्हा वळावे, यात नवल नाही.

हत्ती जमिनीवर, गलबते पाण्यात, आणि बुडणारी माणसे. हेमाद्रीच्या श्लोकांशी हे चित्र जुळते, यावरून हे वीरगळ सोमेश्वराच्या अखेरच्या लढाईचे मानले गेले. शिलाहारांचा आधी जमिनीवर मोड झाला, राजाने गलबतांचा आश्रय घेतला, यादवांनी पाण्यावर पाठलाग केला आणि तेथे निकाल लागला, असा क्रम त्यावरून बसविला जातो. हा क्रम सुसंगत आहे. घाटावरच्या यादवांना गलबते कोठून मिळाली, असा प्रश्न त्याविरुद्ध विचारला जातो; पण बंदरे हाती आली की तेथील तांडेल आणि खलाशीही नव्या धन्याच्या चाकरीत येतात, ही पश्चिम किनाऱ्यावर पुढेही अनेकदा घडलेली गोष्ट आहे. खरी अडचण निराळी आहे. शिलाहारांच्या दीर्घ राजवटीत समुद्रावर लढाई एकदाच झाली, असे मानण्यास आधार नाही. गोव्याचे कदंब हे आरमारी सामर्थ्याचे घराणे. अकराव्या शतकात त्यांनी उत्तर कोकणच्या राजावर विजय मिळविल्याचे त्यांचे लेख सांगतात. शके १०१६ च्या, म्हणजे इ. स. १०९४ च्या सुमाराच्या, खारेपाटण ताम्रपटात अनंतदेवाने कोकण उद्ध्वस्त करणाऱ्या शत्रूंचे पारिपत्य केल्याचा उल्लेख आहे. यांपैकी कोणत्याही प्रसंगी एकसरच्या किनाऱ्यावरील वीर पडले असू शकतात. हत्ती तर सर्वच पक्षांकडे होते.

शिवाय वीरगळ उभारतो कोण, हाही प्रश्न आहे. ते पडलेल्यांचे आप्त, गावकरी अथवा त्यांचा धनी उभारतो. सोमेश्वराबरोबर त्याची सत्ताही बुडाली असेल, तर इतक्या मोठ्या, कुशल कारागिरांकडून घडविलेल्या शिळांचा खर्च त्यानंतर कोणी केला? दोन उत्तरे संभवतात. राज्य गेले तरी स्थानिक सामंत घराणी टिकून राहिली आणि त्यांनी आपल्या मृतांचे स्मारक केले. नव्या राजवटीला त्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते, कारण रणात पडलेला कोणत्याही पक्षाचा असो, त्याला स्वर्ग मिळतो ही श्रद्धा दोन्ही बाजूंची. किंवा हे वीर जिंकणाऱ्या बाजूचे होते आणि त्या बाजूनेच शिळा घडविल्या. शिळांवर राजचिन्ह वा नाव नसल्याने यांतले पहिले अधिक स्वाभाविक वाटते एवढेच. म्हणून एकसरच्या वीरगळांना 'सोमेश्वराच्या लढाईचे चित्र' म्हणण्यापेक्षा 'शिलाहारकालीन आरमारी युद्धाचे चित्र' म्हणणे अधिक सुरक्षित. सोमेश्वराशी त्यांचा संबंध संभाव्य आहे. प्रशस्तीची सत्यता सिद्ध करण्यासाठी तो वापरला आणि वीरगळांचा काळ ठरविण्यासाठी प्रशस्ती वापरली, तर ते चक्राकार तर्काचे उदाहरण होते. मराठीतील काही लेखनात नेमके हेच झाले आहे.

या लढाईची भूमी केवळ किनाऱ्यापुरती पाहून चालत नाही. देवगिरीहून कोकणात उतरण्याच्या मुख्य वाटा तीन : थळ घाट, जुन्नरजवळचा नाणेघाट आणि बोरघाट. शेवटच्या दोन्ही वाटा अखेर कल्याणकडे वळतात. बोरघाटाखालची वाट उल्हास नदीच्या खोऱ्याने जाते. आज कर्जतहून निघणारी लोकल नेरळ, शेलू, वांगणी, बदलापूर, अंबरनाथ अशी ज्या पट्ट्यातून कल्याणला पोहोचते, तोच हा पट्टा. वांगणीपाशी उभे राहिले की एका बाजूला सह्याद्रीच्या रांगा आणि दुसऱ्या बाजूला खाडीकडे उतरत जाणारे खोरे, अशी दोन्ही टोके ध्यानात येतात. घाटावरच्या सत्तेला ठाणे जिंकायचे तर या किंवा अशाच एखाद्या खोऱ्यातून हत्ती उतरवावे लागत, आणि हत्ती खाडीच्या चिखलापाशी थबकत. तेथून पुढे गलबतांचे राज्य. शिलाहार राजधानी ठाणे येथे, तीन बाजूंनी पाण्याला लागून, होती हे विसरता कामा नये. 'आधी हत्ती, मग समुद्र' हा प्रशस्तीतील क्रम भूगोलाशी जुळतो, आणि हा दुजोरा वीरगळांच्या दुजोऱ्यापेक्षा स्वतंत्र आहे.

याच खोऱ्यात अंबरनाथचे शिवमंदिर आहे. तेथील लेख पुराव्याच्या वाचनाचा आणखी एक धडा देतो. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील वर्ष शके ७८२ असे वाचले होते. पुढे भगवानलाल इंद्रजींनी ते शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असे दुरुस्त केले. एका अंकाच्या वाचनाने मंदिर दोनशे वर्षे मागेपुढे झाले. दुरुस्त वाचनानुसार हे शिलाहार मुम्मुणीच्या, लेखातील माम्वाणिराजाच्या, काळातले काम. त्यात त्याचा वडील बंधू छित्तराज याचाही उल्लेख आहे. भूमिज शैलीच्या या मंदिराला लोक सर्रास 'हेमाडपंती' म्हणतात. हेमाद्रीच्या आधी दोन शतके उभ्या राहिलेल्या शिलाहारांच्या देवळाला, शिलाहारांचे राज्य बुडविणाऱ्या राजाच्या मंत्र्याचे नाव चिकटले आहे. जिंकलेल्यांचे नाव टिकते ते प्रशस्तीमुळेच असे नाही. बोलीतही ते असे मुरते.

हरलेल्यांची आठवण मात्र मराठी वाङ्मयात फारशी उरली नाही. लीळाचरित्रात महादेवराय येतो, कारण चक्रधरांचा वावर त्याच्याच राज्यात होता. त्या गद्याची दृष्टी गोदातीरावर आहे, ठाण्याच्या खाडीवर नाही. उत्तर कोकणची परंपरा सांगणारी महिकावतीची बखर वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. तिचे भाग निरनिराळ्या काळांत रचलेले आहेत आणि तिचा रोख बिंब घराणे, त्यांच्याबरोबर आलेली कुळे व त्यांची वतने यांवर आहे. वतनाचा आधार ज्या राजाशी जोडता येतो तो बखरीत राहतो. निर्वंश झालेल्या राजाकडे वतन मागायला कोणी जात नाही, म्हणून त्याच्या मरणाची कथा जपण्याचे प्रयोजनही कोणास उरत नाही. सोमेश्वराच्या विस्मरणाचे कारण बहुधा इतके व्यावहारिक आहे.

सत्तांतरानंतरही किनारा पुरता यादवांच्या मुठीत आला होता, असे दिसत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस या समुद्रातून गेलेला मार्को पोलो ठाण्याच्या राज्याचे वर्णन करताना तेथला राजा कोणाचा अंकित नसल्याचे सांगतो. त्याच्या संमतीने चाचे समुद्रात वावरतात आणि पकडलेल्या मालातील घोडे राजाला देतात, असेही नोंदवितो. ताम्रपटातील अधिकारी देवगिरीचे नाव घेत असताना परदेशी प्रवाशाला बंदरात स्वतंत्र राजा दिसावा, ही विसंगती आहे. प्रवाशाची माहिती ऐकीव असू शकते. पण ठाण्यातल्या त्या कोणा सत्ताधीशाला घोड्यांसाठी समुद्राकडे पाहावे लागे, आणि समुद्रावर हुकमत चाचांच्या गलबतांची होती, एवढे त्या नोंदीतून कळते. ती गलबते एकसरच्या शिळांवरील गलबतांहून फारशी निराळी नसावीत.